बोरडोहच्या आउटरवर उभी गाडी

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी माझी हजामत करायला नको. आमच्या घरात भुतं नाहीत. म्हणजे, ठेवलेलीच नाहीत! आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, घरी आले आणि ताईत, अंगारे, मुंजा, हडळ — सगळा माल एका जुन्या धोतरात बांधून कन्हान नदीत सोडून दिला. आजी काठावरून ओरडत होती म्हणे, "अहो, बाकीचं जाऊ द्या, धोतर तं वापस आना!" अशा घरातला मी. त्यात कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा अडत्या. पेटीतलं वरचं संत्रं कितीही देखणं असलं तरी हात थेट तळाशी घालायचा, ही माझी सवय. ज्याचा संत्र्यावर विश्वास नाही, तो भुतावर कुठून ठेवणार?

आता जे सांगतो आहे त्याच्याही तळाशी हात घालून पाहिला. हाताला काही लागलं नाही... म्हणून तर लिहायला बसलो.

नागपूरहून सावनेरचा रस्ता धरा, खाप्याच्या बाजूला वळा. कन्हानच्या अलीकडे एक कच्चा रस्ता कपाशीच्या शेतांमधून आत जातो. त्याच्या टोकाला बोरडोह. (नाव बदललं आहे, शोधत जाऊ नका. ताई चहा पाजत बसेल आणि तुम्ही परत येणार नाही.) गावाबाहेर एक स्टेशन आहे. पूर्वी इथून छोटी लाईन जायची. गाडीची चाल अशी, की गार्ड खाली उतरून बोरं घ्यायचा, भाव करायचा आणि चालतच पुन्हा आपला डबा गाठायचा. मग लाईन बंद झाली. रूळ उपटून नेले, स्लीपर नेले, इमारत तेवढी उरली. ती लिलावात घेतली कोणी? आमच्या भाऊजींनी!

मनोहर भाऊजी म्हणजे माझ्या कुंदाताईचे यजमान. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. रिटायर झाल्यावर माणूस फ्लॅट घेतो, यांनी स्टेशन घेतलं. आमच्या नातेवाइकांना हसायला विषय मिळाला. लग्नकार्यात लोक मुद्दाम विचारायचे, "काय कुंदाताई, स्टेशनवर राहता म्हणे आजकाल?" — जणू ही दोघं वाटी घेऊन जिन्याखाली बसली आहेत.

आणि मग ते लोक घर पाहायला यायचे... आणि गप्प व्हायचे.

काय घर केलंय माणसानं! वेटिंग रूमची बैठक केली, पण ते लांबलचक सागवानी बाक तसंच ठेवलं, नुसतं तेल पाजून. स्टेशनमास्तरची खोली ती झोपायची खोली. जिथे कंदील ठेवायचे त्या बत्तीघराची न्हाणी झाली. सामान तोलायचा काटा अजून चालतो. ताई त्यावर पाहुण्यांना येताना उभं करते आणि जाताना उभं करते, आणि फरक मोठ्यानं वाचून दाखवते. तिकीट खिडकीच्या मागे स्वयंपाकघर. चहा त्या अर्धगोल खिडकीतूनच बाहेर येतो. आपण वाकून म्हणायचं, "एक फुल, एक हाफ." नुसतं "चहा दे गं" म्हटलं तर आतून आवाज येतो, "खिडकी बंद आहे!"

बाहेर पूर्ण प्लॅटफॉर्म म्हणजे त्यांचा ओटा. दोन कडुनिंब, पिवळी पाटी — भाऊजींनी स्वतः रंगवलेली, अक्षर असं की आख्ख्या विभागात कोणत्या स्टेशनला नसेल. प्लॅटफॉर्मच्या खाली, जिथे रूळ होते, तिथे आता गवताचा लांब पट्टा आहे. गावच्या गायी त्यावर दिवसभर बसलेल्या असतात.

आणि पट्ट्याच्या टोकाला सिग्नल.

सिग्नल म्हणजे दिव्याचा नाही, हाताचा. उंच खांबावर लाल हात — आडवा असला की थांबा, खाली झुकला की या. तो गंजून लोंबत होता. भाऊजींनी उन्हाळाभर खपून तो घासला, रंगवला, नवी तार ओढून प्लॅटफॉर्मवरच्या लिव्हरला जोडली. आणि कामं संपल्यावर हात खाली झुकवून ठेवला. कायमचा.

त्यावरून त्यांचं आणि मुक्ताचं भांडण. मुक्ता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची. असिस्टंट लोको पायलट आहे, मालगाड्या चालवते. नागपूरहून निघते ती कुठल्या गावी झोपेल हे तिचं तिलाही माहीत नसतं. ती सुट्टीवर आली आणि खांबाकडे पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, सिग्नल असा पाडून ठेवतात का कधी?"

"काहून? वाईट दिसते का?"

"दिसण्याचं नाही. गाडी गेली की हात पुन्हा आडवा करायचा असतो. खाली म्हणजे लाईन मोकळी आहे, या."

"मंग येऊ दे ना! आडवा हात म्हणजे कोनाले हाकलल्यासारखा दिसते, बेटा. हा पाह्य कसा, वाकून नमस्कार करून राहिला."

"येईल कोण पण, रूळच नाहीत," मी मधेच बोललो.

मुक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, सिग्नलले थोडीच माहीत आहे रूळ नेले म्हणून."

आम्ही हसलो. पुढच्याच आठवड्यात ताईचा फोन... "विलास, तू ये. घर हालून राहिलं."

गेलो. जेवणं झाली, वामकुक्षीची वेळ, बाहेर टळटळीत ऊन. मी बाकावर आडवा होतो. ताई म्हणाली, "आता पाह्य." तिनं उठून मांडणीतल्या काचेच्या पेल्यांवर दोन्ही हात पसरून ठेवले — इतक्या सहज, की जणू तान्ह्या पोराला थोपटते आहे.

आधी गायी उठल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पट्ट्यावर रवंथ करत बसलेल्या गायी एकामागून एक उठल्या आणि बाजूला, कपाशीच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. घाई नाही, घाबरणं नाही. आपण सायकलवाल्याला वाट देतो तशा. मग बाकाखालची फरशी थरथरली. पेले किणकिणले. दोन्ही कडुनिंब एका बाजूला झुकले, प्लॅटफॉर्मवरचा पाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरसरत गेला... आणि थांबला. सगळं थांबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा थरथर, पुन्हा वारा — त्याच दिशेनं — आणि संपलं. गायी परत आल्या आणि आपापल्या जागी बसल्या.

आवाज नाही, धूर नाही, काही दिसणं नाही.

"दुपारची पॅसेंजर," भाऊजी अत्यंत अभिमानानं म्हणाले. जणू त्यांनीच सुरू करून आणली.

मी कारणं शोधली, हो! बाजूला मँगनीजच्या खाणी आहेत, तिथला सुरुंग असेल म्हटलं. पण सुरुंगाची चाहूल गायींना आधीच कशी? दूरच्या मोठ्या लाईनवरची गाडी असेल म्हटलं. पण तिचा वारा इथला पाला कसा लोटेल? शेवटी मी कारणं शोधायचं सोडलं, आणि ताई-भाऊजी चक्क रुळले. ताईनं काचेचे पेले काढून स्टीलचे आणले, एवढाच काय तो उपाय.

इथवर सगळी मौज होती. पेच पडला तो सुमेधमुळे.

सुमेध बँकेत आहे. त्याचं आणि मुक्ताचं दोन वर्षांपासून ठरलेलं — म्हणजे त्या दोघांनी ठरवलेलं. अडून बसली होती त्याची आई, शोभाताई. रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या, नवरा गेल्यावर मुलाला एकटीनं वाढवलेलं. त्यांचं म्हणणं होतं, पोरगी गाडीवर आणि आईबाप स्टेशनात, हा काय संसार आहे? सुमेधनं किती वेळा विषय काढला, त्या वर्तमानपत्र उलटायच्या. आणि मुक्तानं सांगून ठेवलेलं, त्याच्या आईच्या मनाविरुद्ध मी त्या घरात जाणार नाही. अखेर शोभाताई म्हणाल्या, एकदा येते. एकदाच. पाहीन आणि सांगीन.

आणि वेळ कोणती दिली? दुपारची. जेवण करून येतो, चहाला असू.

ताईचा चेहरा पांढरा पडला. "विलास, त्या बाईसमोर घर थरथरलं तं? पाला उडला तं? आल्या पावली वापस जाईन ती! पोरीचं वाटोळं होईन गा."

भाऊजी म्हणाले, "सांगून टाकू ना, दुपारची पॅसेंजर आहे म्हनून."

"तुम्ही गप राहा जी!"

मुक्ता ड्यूटीवरून थेट येणार होती. तिला विचारायला वेळ नव्हता, म्हणून अक्कल मी चालवली. आमच्या कळमन्यात गेट बंद केलं की ट्रक आत येत नाही, विषय संपला. मी सरळ प्लॅटफॉर्मवर गेलो आणि लिव्हर ओढून सिग्नलचा हात आडवा केला. लालभडक! थांबा! ताईला म्हटलं, "घे, आजची गाडी कॅन्सल." तिनं माझ्या हातावर कोथिंबिरीची गरम सांबारवडी ठेवली. बक्षीस.

मुक्ता आली, घाईघाईत साडी नेसली, आणि मागोमाग पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. शोभाताई पांढऱ्या-निळ्या साडीत, पाठ ताठ, त्या बाकावर अगदी कडेला बसल्या — उठायच्या तयारीत असल्यासारख्या. काट्यावर उभं राहायला ताईनं त्यांना सांगितलं नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य समजून घ्या.

"घर छान ठेवलंय," त्या म्हणाल्या. आवाजावरून काही कळेना. मग मुक्ताकडे वळल्या. "सणाच्या दिवशी ड्यूटी लागली तर?"

"जावं लागते."

"घरात कोणी आजारी असलं तर?"

"रजा मागते. नाही भेटली तर जाते."

"आणि ताटावर बसलीस आणि कॉल आला?"

मुक्तानं एकदा सुमेधकडे पाहिलं. तो बिचारा छताकडे पाहत होता. "उठते," ती म्हणाली.

शोभाताईंनी नुसतं "हं" केलं. ताईनं तिकीट खिडकीआडून माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात माझं लक्ष बाहेर गेलं. गायी उठल्या होत्या. बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. मी श्वास रोखला... पण फरशी हलली नाही. पाला जागचा उडाला नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. कॅन्सल म्हणजे कॅन्सल!

फक्त गायी परत येईनात. तशाच उभ्या, सगळ्या सिग्नलच्या पलीकडे तोंड करून.

आणि मग शिट्टी वाजली.

लांबून. बारीक, लांबलेली, इंजिनाची शिट्टी. इतक्या महिन्यांत त्या गाडीचा आवाज कधी आला नव्हता. माझ्या हातातली वडी बशीत पडली.

"इथे गाडी येते का अजून?" शोभाताईंनी विचारलं.

"नाही नाही, मोठ्या लाईनचा आवाज येतो वाऱ्यानं," भाऊजी म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे हे वाक्य त्यांनी भिंतीला सांगितलं.

पुन्हा शिट्टी. आता जास्त लांब.

मुक्तानं मान वळवली, दारातून सिग्नलकडे पाहिलं आणि ताडकन उभी राहिली.

"हात आडवा कोणी केला?"

"मी," मी म्हटलं. काय करणार! "म्हटलं, आजच्या दिवस कॅन्सल..."

"मामा, सिग्नल नाही दिला म्हणून गाडी कॅन्सल होते का? ती आउटरवर उभी राहते!"

आता नागपूरच्या माणसाला आउटर समजावून सांगायला नको. स्टेशन समोर दिसतं, पंखा बंद पडलेला, पाणी संपलेलं, पोरं रडतात, आणि गाडी काही हलत नाही. आम्ही सगळे कधी ना कधी तिथे उभे राहिलो आहोत. पण ती गाडी आपण उभी केली, ही पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली.

"मुक्ता, खाली बस," ताई खिडकीतून दातओठ खात म्हणाली. "पाहुने बसले आहेत."

"आई, तिकडे लोक उभे आहेत वं."

कोणते लोक? कुठली गाडी? हे तिला कोणी विचारलं नाही. तिसऱ्यांदा शिट्टी झाली आणि ती निघालीच. भिंतीवर भाऊजींनी शोभेला लावलेला हिरवा झेंडा तिनं उपसला, साडी पोटरीपर्यंत खोचली आणि भरल्या बैठकीतून, होणाऱ्या सासूच्या पायाजवळून, धावत प्लॅटफॉर्मवर. लिव्हर दोन्ही हातांनी ओढली. तिकडे लाल हात खाली झुकला.

क्षणभर काही नाही. मग फरशी थरथरली.

आणि त्या दिवशी ती अशी थरथरली, की बशीतल्या वड्या गोल फिरायला लागल्या! कडुनिंब वाकले. पाला उठला. मुक्ता प्लॅटफॉर्मच्या कडेला ताठ उभी, झेंड्याचा हात लांब केलेला, नजर समोरून जाणाऱ्या... कशावर तरी. तिचा पदर गाडीशेजारी उभ्या असलेल्या बाईचा उडावा तसा उडत होता. मी त्या पोरीला फ्रॉकमध्ये पाहिलं आहे. पण त्या दिवशी, खरं सांगतो, मला उठून सलाम ठोकावासा वाटला.

मी शोभाताईंकडे पाहिलं. त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांनी आपला कप एका हातानं आणि सुमेधचा दुसऱ्या हातानं झाकला होता, आणि दारातून मुक्ताकडे बघत होत्या.

सगळं थांबलं. पुन्हा निघालं. शेवटपर्यंत मुक्ताचा हात खाली आला नाही. गायी परतल्या तेव्हा तिनं झेंडा गुंडाळला, लिव्हर सरकवून सिग्नल पुन्हा आडवा केला आणि आत आली. केसांत पाला. चेहरा पडलेला. आता आपलं काय होणार हे तिला कळलं होतं.

"सॉरी," ती म्हणाली. "उठावं लागलं."

शोभाताईंनी तिच्या केसांतला पाला पाहिला. मग म्हणाल्या, "मला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांनीही हेच विचारलं होतं. ताटावर असताना वॉर्डातून बोलावलं तर? मी म्हटलं, उठीन. त्यांनी चहा संपवला आणि गेले ते गेलेच. मग सुमेधचे वडील आले. त्यांनी विचारलंच नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ताटावरून उठले, तर त्यांनी माझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं." त्यांनी कपावरचा हात काढला. "मी तुझं उत्तर ऐकायला आले नव्हते बाई. उठीन म्हणणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. तू उठतेस का, ते पाहायचं होतं."

सुमेध छतावरून खाली आला.

"अहो, पन..." ताई खिडकीतून अर्धी बाहेर आली, "ते घर हाललं त्याचं काही नाही का तुम्हाले?"

"हललं ना. कोणती गाडी होती ही?"

"दुपारची पॅसेंजर!" भाऊजी भिंतीकडे न बघता म्हणाले.

"बरं," शोभाताई म्हणाल्या, आणि बाकावर मागे सरकून, टेकून बसल्या. "वड्या गरम आहेत का अजून?"

लग्न त्याच प्लॅटफॉर्मवर झालं. वेळ अशी काढली की मंगल परिणय आटोपला आणि गाडीची वेळ झाली. मुक्ता पांढऱ्या साडीत हिरवा झेंडा घेऊन उभी राहिली, शोभाताईंनी तिचा पदर धरून ठेवला, आणि जाता जाता एक छोटीशी शिट्टी झाली. मंडपातल्या निम्म्या लोकांना वाटलं, डीजेवाल्यानं वाजवली. बाकीचे निम्मे माझ्यासारखे, अंगावरचे काटे शर्टाच्या बाहीत लपवत होते.

पण गंमत पुढेच आहे. मुक्तानं नियम घालून दिला — आता सिग्नल शोभेचा नाही. रोज दुपारी पाडायचा, गाडी जाऊ द्यायची, पुन्हा आडवा करायचा. कोणाला आउटरवर ठेवायचं नाही. म्हणजे रोज दुपारी बोरडोहला कोणीतरी हजर पाहिजे. ताई-भाऊजींना एकत्र कुठं जाता येईना. मग काय, पाळ्या लागल्या. रविवारी शोभाताई रामदासपेठेतून बस धरून येतात, पिशवीत स्वतःचं ताट घेऊन. ताईनं एकदा म्हटलं, "बसा वं, आज मी जाते." तर म्हणाल्या, "ड्यूटी माझी आहे."

आणि ताई-भाऊजी कोणाच्या लग्नाला गेले की पाळी कोणाची? माझी. देव, भूत, संत्रं, कशावरच विश्वास नसलेल्या या माणसाची.

परवाच उभा होतो. ऊन चढलेलं, हातात हिरवा झेंडा, समोर नुसतं गवत. कपाशीतून कोणी पाहिलं असतं तर मला थेट शोभाताईंच्या जुन्या दवाखान्यात भरती केलं असतं. लिव्हर ओढली, पायाखाली थरथर आली, वाऱ्यानं टोपी उडाली. कोण जातंय, कुठून आलं, कुठे उतरणार — मला काही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर खाली जरूर लिहा. अडत्या आहे, कोणत्याही मालाचा भाव ऐकून घेतो. मी आपला हात लांब करून उभा राहिलो. शेवटचा डबा जाईपर्यंत झेंडा खाली करायचा नाही, असं भाचीनं बजावून ठेवलं आहे. आता न दिसणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा ओळखायचा कसा?

मी गायींकडे पाहत राहिलो. त्या बांधावरून परत फिरल्या, तेव्हा हात खाली केला.